खिडकी घ्याच ताई, पण नंबर पाहून घ्या

दारव्हा तालुक्यातल्या एका गावावरून ताईंचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणाल्या म्हणून नाही छापत. पत्र मोठं होतं, कामापुरतं देतो.

“दादा, लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून मुलानं अन् सुनेनं जानेवारीत मुंबईवरून गोवा अन् लक्षद्वीपचं क्रूझ बुक करून दिलं, चार रात्री. खोली आतली आहे, खिडकी नाही. मुलगा म्हणते आई तिथं फक्त झोपाले जाचं असते, दिवसभर बाहेरच राहा. खिडकीवाली पाहिजे असन तर दोघांचे नऊ हजार जास्त, अन् बाल्कनी तर चाळीसच्या वर. आमचे हे म्हणतात नऊ हजारात फवारणी होते, कायले घालवता. पण माझं असं आहे की मी आठ महिने अंगणात बाजीवर झोपणारी बाई. मागच्या साली यवतमाळले पाठीचा एमआरआय करायचा होता, त्या मशीनमधून मी दोन मिनिटांत ओरडून बाहेर आली. मले झेपन का ते बिनखिडकीचं? अन् उलट्या होतात का? अन् ठेचा नेऊ देतात का?”

ताई, एमआरआयचं तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलं, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथंच आहे. हे नसतं लिहिलं तर मी पण तुमच्या मुलाच्याच बाजूनं बोललो असतो, कारण तो काही चुकीचं नाही बोलून राहिला. ज्याला झोप प्यारी आहे अन् ज्याला दिवसभर डेकवर, जेवणात, नाचगाण्यात राहायचं आहे त्याला आतली खोली मस्त, पैसे वाचतात. पण मशीनमधून ओरडून बाहेर आलेल्या बाईला चार रात्री बिनखिडकीच्या खोलीत झोपवणं, हे नाही जमत. नऊ हजार द्या. फवारणीचं नंतर पाहू.

आता तुम्ही म्हणाल इतकं पटकन कसं सांगितलं. तर मी ही दोन्ही खोल्यांची मजा एकाच वेळी पाहिली आहे. मी एसटीत कंडक्टर होतो हे जुन्या वाचकांना माहीत आहे, रिटायर झालो तेव्हा मी अन् बायको, साडू अन् साळी, असे चौघं मुंबई-गोव्याच्या जहाजावर गेलो होतो. साडूनं आतली घेतली, मी मोठ्या तोऱ्यात खिडकीवाली. एकाच मजल्यावर, मधे फक्त गल्ली.

साडूच्या खोलीत लाइट बंद केला की किती अंधार होतो ते सांगून समजत नाही. आपल्याकडं अमावस्येला लाइन गेली तरी अंगणात कुठूनतरी उजेड असतोच, चांदण्या असतात, शेजारच्याची बॅटरी असते. तिथं काही म्हणजे काही नाही, डोळे उघडे ठेवले काय अन् बंद ठेवले काय, सारखंच. पहिल्या रात्री साडू झोपला तो उठला तेव्हा घड्याळात दहा वाजलेले, अन् त्याला वाटलं रात्रीचे दहा आहेत, कूस बदलून परत झोपला! नाश्ता बंद झाल्यावर उठला. त्याला याचं काहीच दुःख नव्हतं, म्हणे इतकी झोप मला लग्नानंतर पहिल्यांदा लागली. साळी मात्र दोन रात्री बाथरूमचा लाइट चालू ठेवून, दार चार बोटं उघडं टाकून झोपली. एकाच खोलीत दोन माणसं अन् दोन तऱ्हा, म्हणून मी कोणालाच सरसकट सांगत नाही.

अन् माझी खिडकी? ती ऐका आता.

एजंटनं सांगितलं होतं सी व्ह्यू आहे भाऊ, एकदम सी व्ह्यू. आम्ही खोलीत शिरलो, बायकोनं आधी बॅग पण नाही ठेवली, सरळ जाऊन पडदा सरकवला, अन् समोर नारिंगी. पूर्ण नारिंगी. जीवरक्षक बोट ताई, ज्याला ते लाइफबोट म्हणतात, ती नेमकी आमच्या काचेसमोर टांगलेली. वरच्या कोपऱ्यात हातभर आभाळ अन् खाली बोटीच्या पोटाला लावलेले नटबोल्ट. बायको म्हणाली, हे तं ट्रॅक्टरमागं उभं राहून ट्रॉलीचा फाळका पाहिल्यासारखं आहे. मी रिसेप्शनवर भांडायला गेलो, तर त्या पोरीनं शांतपणे बुकिंगचा कागद दाखवला, त्यात बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की व्ह्यूला अडथळा आहे. तीस वर्षं लोकांची तिकिटं तपासली अन् स्वतःचं नाही वाचलं.

दुसऱ्या दिवशी गोव्याला मुरगाव बंदरात जहाज लागलं होतं, दुपारी खलाशांनी सरावासाठी ती बोट खाली सोडली. बायको खोलीत पडली होती, एकदम उजेड आला म्हणून उठली, मला फोन लावून म्हणे लवकर या. मी पळत गेलो. काय दिसत होतं, तर बंदराच्या क्रेन, पिवळंशार ऊन, पाण्यावर तेलाचे तवंग अन् एक कावळा. आम्ही दोघं त्या खिडकीच्या फळीवर टेकून अर्धा तास तेच पाहत बसलो, चहा पण तिथंच घेतला. मग मोटर घरघरली अन् बोट परत वर आली, खालून हळूहळू नारिंगी चढत गेलं, संपलं. तेव्हा मला खिडकीची किंमत समजली अन् एजंटची पण.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की “खिडकीवाली द्या” असं म्हणून पैसे भरू नका, खोलीचा नंबर पाहून भरा. तुमच्या मुलाला सांगा, प्रत्येक जहाजाचा डेक प्लॅन असतो, म्हणजे मजल्यागणिक नकाशा, कंपनीच्या साइटवर मिळतो. कोणती खोली कुठं, वर काय, खाली काय, बोटी कुठं टांगल्या आहेत, सगळं त्यात असतं. आपण एसटीत सीट धरताना पाहत होतो ना, खिडकीच्या मधोमध दांडा येते का, चाकावर येते का, तसंच. खिडकी धरून पण दांडा समोर आला तर माणूस पूर्ण रस्ता मान वाकडी करून जाते, मी पाहिले आहेत असे लोक.

चाकाचं निघालंच आहे तर उलट्यांचं पण त्यातच सांगून टाकतो. एसटीत सगळ्यात जास्त गचके कुठं बसतात? मागच्या चाकाच्याही मागं, शेवटच्या बाकावर. ब्रेकर आला की ते लोक टप्पी खातात अन् मधल्या सीटवरच्या माणसाची डुलकी पण मोडत नाही. जहाजाचं तसंच आहे. लाटेवर जहाजाचं नाक वर जाते, शेपूट खाली जाते, मग उलटं, पण मधला भाग त्यामानानं जागेवर राहते. अन् जितकं वर जाल तितकं कडेला झुलणं जास्त, झाडाच्या शेंड्यावर बसल्यासारखं. म्हणून लोक वरच्या मजल्याचे जास्त पैसे देतात ते हौसेचे, पोटासाठी खालचा मजला अन् जहाजाचा मधला भाग चांगला. तुम्हाला तर दुहेरी फायदा, खालच्या मजल्याची खिडकी बहुतेक स्वस्त पण असते. अगदी खालच्या मजल्यावर काही जहाजांत गोल खिडकी असते, ताटाएवढी किंवा परातीएवढी, तिला पोर्टहोल म्हणतात, अन् थोडं वर चौकोनी मोठी काच. मिळाली तर चौकोनी घ्या, नाही मिळाली तर गोलवर भांडू नका, उजेड तिच्यातून पण येतो. फार तुफान असलं तर त्या खालच्या गोल खिडक्यांवर आतून लोखंडी झाकण लावतात, पण जानेवारीत अरबी समुद्र शांत असतो, तुम्हाला ते पाहायची पाळी येईल असं वाटत नाही. पावसाळ्यात गेल्या असत्या तर वेगळं सांगितलं असतं.

मळमळीचं एक कारण समजून घ्या, मग घाबरायला होत नाही. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो, तो सांगतो की आपण हलून राहिलो, अन् बंद खोलीत डोळे सांगतात की नाही, भिंत तर जागेवरच आहे. दोघांचं जमत नाही अन् मधल्यामधे पोट ढवळते. खिडकीतून दूर जिथं पाणी अन् आभाळ भेटते ती रेघ पाहत बसलं की डोळ्यांना पण हलणं दिसते, भांडण मिटते. खिडकीचा हा फायदा कोणी जाहिरातीत सांगत नाही. गोळीच घ्यायची तर अव्होमिनसारख्या गोळ्या मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायच्या असतात, झाल्यावर नाही, अन् त्यानं झोप येते. तुमची बीपीची गोळी चालू असेल तर गावच्या डॉक्टरला विचारूनच घ्या, माझं ऐकून नका घेऊ. अन् उतरल्यावर एक-दोन दिवस जमीन हलल्यासारखी वाटली तर भिऊ नका, मला बडनेऱ्याच्या प्लॅटफॉर्मवर वाटलं होतं, बायको म्हणे लोक पाहून राहिले, सरळ चाला.

आता एक गोष्ट मात्र साफ सांगतो, नाहीतर तिथं गेल्यावर मला शिव्या द्याल. ती खिडकी उघडत नाही. पक्की बसवलेली काच असते, हवा सगळी एसीची. तुम्ही अंगणात झोपणारी बाई, तर तुमचा जीव घाबरतो तो उजेड नसल्यानं का हवा नसल्यानं, हे आधी पाहून घ्या. घरीच पाहता येते. मधल्या खोलीत दार-खिडकी लावा, पंखा चालू, पण पडदा उघडा ठेवा, बाहेरच्या लाइटचा उजेड काचेतून येऊ द्या, अन् झोपून पाहा. दुसऱ्या रात्री पडदा पण लावून अंधारात. पहिल्या रात्री झोप लागली तर खिडकी तुम्हाला पुरते. पहिल्याच रात्री उठून अंगणात आल्या तर मग तुम्हाला काच नाही, हवा पाहिजे, अन् हवा फक्त बाल्कनीत मिळते. तेव्हा चाळीस हजाराचा विचार करा, किंवा मुलाला प्रेमानं सांगा बाप्पा पैसे वापस घे, आम्हाला पचमढीला नेऊन आण. यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

बाल्कनीबद्दल माझं मत विचाराल तर चार रात्रींसाठी नाही परवडत. आपल्याकडं मुंबईवरून जाणारं कॉर्डेलिया कंपनीचं जे एम्प्रेस नावाचं जहाज आहे ते १९९० सालचं, त्या काळात आजच्यासारख्या बाल्कन्यांच्या ओळी करत नव्हते, त्यामुळं बाल्कनीवाल्या खोल्या मोजक्याच अन् भाव चढे.  अन् आजकाल बाहेरदेशी काही जहाजांवर आतल्या खोलीच्या भिंतीवर नकली खिडकी लावतात, कॅमेऱ्यातून बाहेरचा समुद्र टीव्हीसारखा दाखवतात, डिस्नेच्या २०११ सालच्या जहाजानं ते आणलं. अन् काही मोठ्या जहाजांत तर खिडकी असते खरी, पण समुद्राकडं नाही, जहाजाच्या आतल्या बाजारपेठेकडं. आपल्या जुन्या वाड्यात चौकाकडं उघडणारी खिडकी असते तशी. खिडकी शब्दावर भुलू नका म्हणतो ते यासाठी.

तुमचे हे, म्हणजे काका, म्हणतील रात्री तर समुद्र काळाच असते, काय दिसते खिडकीतून. बरोबर आहे त्यांचं, काहीच दिसत नाही, एखाद्या मच्छीमाराचा दिवा दिसला तर दिसला. पण सकाळी साडेसहा-सातला जे होते ना, खोलीत आधी राखाडी मग दुधासारखा उजेड, अन् तुम्हाला घड्याळ न पाहता समजते की सकाळ झाली, जनावरं सोडायची वेळ झाली, ते आपल्या लोकांना लागतेच. आपली झोप उजेडावर उघडते, मोबाइलच्या अलार्मवर नाही.

कोणत्या बाजूची घ्यावी यावर डोकं नका लावू. मुंबईवरून दक्षिणेला जाताना डाव्या हाताला जमीन अन् उजव्या हाताला सूर्य मावळते, येताना उलटं, म्हणजे हिशोब बरोबरीचा. अन् जमीन डाव्या हाताला असली तरी जहाज किनाऱ्यापासून इतकं लांबून जाते की कोकण दिसेल या आशेनं बसू नका. लक्षद्वीपला मोठं जहाज बेटाला लागत नाही, बाहेर खोल पाण्यात उभं राहते अन् लहान बोटीनं माणसं नेतात. त्या बोटीत चढताना मात्र साडीचा घोळ आवरून, खलाशाचा हात धरून चढा, संकोच करू नका, पंजाबी ड्रेस असेल तर त्या दिवशी तोच घाला. तिथं जायला परमिट लागते, ते बहुतेक कंपनीच काढून देते, पण कागदं वेळेवर दिली की नाही हे मुलाला आठवण करून द्या.

बुकिंग मुलाच्या नावानं आहे, तर फोन त्यालाच करू द्या अन् लवकर करू द्या, मधल्या भागातल्या खोल्या आधी जातात. त्यानं एवढं विचारायचं, नंबर कोणता, समोर बोट किंवा काही आडवं येते का, अन् खोलीच्या वर-खाली काय आहे. वर नाचायचा हॉल असला तर रात्री एकपर्यंत छतावर धाडधाड, खाली स्वयंपाकघर असलं तर पहाटे ट्रॉल्यांचा खडखडाट. वर पण खोल्या, खाली पण खोल्या, अशी पाहा. लिफ्टच्या अगदी दाराशी नको, पण काकांचे गुडघे कसे आहेत ते तुम्ही लिहिलं नाही, गुडघे दुखत असतील तर लिफ्टच्या जवळपासची चालेल. अन् कोणी म्हटलं की “गॅरंटी” खोली घ्या, स्वस्त पडते, तर नको म्हणा. गॅरंटी म्हणजे प्रकार पक्का पण नंबर ते देतील तो, अन् उरलेल्या खोल्यांत बोटीसमोरच्याच उरतात हे मी तुम्हाला छातीठोक नाही सांगू शकत, पण मला काय मिळालं ते वर लिहिलंच आहे. अगदी समोरच्या टोकाला, नाकाकडच्या खिडक्या दिसायला भारी, पण तिथं हलणं जास्त अन् रात्री पडदे घट्ट लावायला सांगतात, कारण आतल्या उजेडानं जहाज चालवणाऱ्यांना समोरचं नीट दिसत नाही. एसटीत रात्री ड्रायव्हर मागचा लाइट बंद करायला लावत होता, तेच.

बाकी सटरफटर. तुमच्या भागातून गाडी बडनेऱ्यावरून धरता येते, शकुंतला, आपली यवतमाळची छोटी रेल्वे, तर आता राहिली नाही. जहाज दुपारचं असलं तरी त्याच सकाळी पोचणारी गाडी धरू नका, एक दिवस आधी मुंबईत पोचा, रेल्वे लेट झाली तर जहाज थांबत नाही. सीएसएमटीवरून, म्हणजे जुन्या सीएसटीवरून, बंदर अगदी जवळ आहे, टॅक्सीवाल्यानं लांबचं भाडं सांगितलं तर दुसरी पाहा. मोठी बॅग ते खोलीत उशिरा पोचवतात, म्हणून बीपीच्या गोळ्या, चष्मा, एक साडी हातातल्या पिशवीत. जहाज सुटायच्या वेळी सगळ्यांना जीवरक्षक जॅकेट अन् जमायची जागा दाखवतात, ती टाळू नका. मोबाइल समुद्रात गेल्यावर विमान मोडवर टाका, जहाजाचं स्वतःचं नेटवर्क पकडलं तर बिल असं येते की नऊ हजार बरे म्हणाल. उदबत्ती, काडेपेटी, इस्त्री काही नेऊ नका, आगीला ते लोक फार भितात, अन् बरोबरच आहे.

अन् ठेचा. बाहेरचं शिजवलेलं बहुतेक चढू देत नाहीत, तपासणीत काढून ठेवतात. साळीनं शेंगदाण्याच्या चटणीची बरणी साडीत गुंडाळली होती, मशीनमध्ये ती दिसलीच, अन् तिथल्या पोरानं बरणी बाजूला ठेवून वर विचारलं, “आँटी, घर में बनाया?” दुःख मानू नका, जेवणाच्या हॉलमध्ये वाढणाऱ्याला सांगा हिरव्या मिरच्या, लसूण अन् मीठ आण. तो आधी एक मिरची आणते, बशीत, लिंबासोबत सजवून. तुम्ही म्हणायचं, आठ आण.